माणगंगेच्या वाळूतली सोंगाडी

"जरा सावली काढता का?"

प्रमोदिनीनं मान वर न करताच म्हटलं. माणगंगेच्या कोरड्या पात्रात ती पालथी पडली होती. पदर कमरेला घट्ट खोचलेला, कोपरं तापल्या वाळूनं भाजत होती, आणि डोळे काठाच्या मातीतल्या बारीक बारीक भोकांवर खिळलेले. त्या भोकांसमोर एक केसाळ, तपकिरी माशी हवेत जागच्या जागी तरंगत होती... आणि नेमकी तेव्हाच कुणाची तरी सावली तिथं येऊन पडली.

बारीकसा गूंऽ आवाज – आणि माशी नाहीशी.

"गेली ना!" ती ताडकन उठून बसली.

"कोण गेली?" सावलीनं विचारलं.

सावली एका उंच तरुणाची होती. अंगात खाकी सदरा, खाली धोतर, डोक्यावर पलटणीतली जुनी टोपी, हातात काठी. डावा पाय किंचित आखडलेला. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या हातातली जाळी, वाळूत ठेवलेली काचेची बाटली, पत्र्याची डबी – एकेका वस्तूवरून त्याची नजर सावकाश फिरत होती.

"माशी गेली," ती म्हणाली.

"माशी? आमच्या मेंढवाड्यात चला की. पोतंभर देतो."

"तसली नको. ही मधमाशीसारखी दिसते, पण मधमाशी नाही."

"म्हंजे सोंगाडी," तो म्हणाला. आणि मग, अगदी सहज विचारल्यासारखं – "आन् तुमी कोण?"

तिला तो प्रश्न आवडला नाही. त्याहून, प्रश्न विचारून झाल्यावर तो जो गप्प उभा राहिला, ते आवडलं नाही. पोलीसपाटील असाच उभा राहतो.

"डॉक्टरांकडची पाहुणी," एवढंच बोलून तिनं सामान आवरलं.

ते चव्वेचाळीस सालचं ऑक्टोबरचं ऊन होतं. प्रमोदिनी सांगलीच्या एका वकिलाची मुलगी. बी.एस्सी. होऊन तिथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायची. म्हसवडला तिची उमामावशी राहायची. मावशीचे यजमान गावातले डॉक्टर. आदल्या वर्षी मावशीकडे आली असताना प्रमोदिनीनं याच वाळूत एक माशी पकडली होती. सांगलीला सूक्ष्मदर्शकाखाली धरली, पंखांवरच्या शिरा पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिल्या. ती माशी सिंध-राजपुतान्याच्या वाळवंटातली होती. निदान दिसत तरी तशीच होती.

प्रोफेसरसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं होतं. "वाळवंटातली माशी साताऱ्यात? बाई, दुसऱ्या कुठल्या तरी डबीतली माशी तुमच्या हातून या डबीत आली असेल."

चूक झाली असेल, असं ते म्हणाले. पण डोळे म्हणत होते – मुद्दाम केली असेल.

शिवाय ती एकच माशी होती, आणि तीही मादी. नर सापडल्याशिवाय जात पक्की सांगता येत नव्हती. म्हणून सुट्टी लागताच ती जाळी घेऊन परत आली होती. नर मिळाला नाही, तर तिच्या कुठल्याच कामावर तिथं कुणी विश्वास ठेवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी सावली लांब ठेवून, तरवडाच्या पिवळ्या फुललेल्या झुडपाशी बसला. तिसऱ्या दिवशीही आला.

"तुम्हाला दुसरं काम नाही का?" तिनं शेवटी विचारलं.

"व्हतं. पलटणीत व्हतो. लिबियात पायात गोळ्याचा तुकडा घुसला, तवा घरी धाडलं. आता बहिणीची मेंढरं बघतो."

"मेंढरं कुठं आहेत?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. मैलभर एकही मेंढरू नव्हतं. "...असतील की हितंच."

तिला हसू आलं, ते तिनं गिळलं. खोटं बोलणारा माणूस, आणि तेही इतकं वाईट! पण मग तो म्हणाला, "तुमास्नी भाऊ हाय का?"

तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

भाऊ होता. मधू. बेचाळीस साली कॉलेज सोडून गेला, तो भूमिगत झाला. कुठं होता, कसा होता, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगलीच्या घरासमोर अधूनमधून एक अनोळखी माणूस सायकल टेकवून उभा राहायचा, आणि बाबा खिडकी लावून घ्यायचे.

"नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी मावशीनं तिला बजावलंच. "तो नाथाजी ना? त्याच्याशी बोलू नकोस बाई. सरकारची पेन्शन खातो. पलटणीतला माणूस असा नदीकाठानं मोकळा का फिरतो? गावात सगळे म्हणतात, फौजदाराचा माणूस आहे."

प्रमोदिनीला ते पटलं. पटलं म्हणूनच दुसऱ्या दिवशी नदीवर जाताना ती स्वतःवरच चिडली – कारण तरवडाच्या झुडपाशी कुणी नाही, हे तिला लांबूनच दिसलं होतं, आणि तिची पावलं उगाच मंद झाली होती.

तो आला, पण उशिरा. आणि त्या दिवशी माशी पण आली. वाळूवर उतरली आणि मागचा भाग वाळूत टेकवून थरथरू लागली.

"हे मी बघितलंय!" तो एकदम कुजबुजला. "लिबियात. जखमी हून पडलो व्हतो, तवा डोळ्याम्होरं असलीच एक माशी हे असंच करायची. वाळूत आंघोळ करती ती."

"आंघोळ नाही. पोटाच्या टोकाशी तिला पिशवी असते, तिच्यात वाळू भरून घेते. अंड्यांना वाळू चिकटली की ती जड होतात. मग ती बघा –"

माशी उठली. मातीतल्या एका भोकासमोर तरंगली आणि पोटाला झटका देऊन काहीतरी आत फेकलं. पुन्हा फेकलं.

"ते भोक रानमधमाशीचं. तिच्या पिलांजवळ ही आपली अंडी टाकते. हिची पिल्लं तिच्या पिल्लांना खाऊन वाढतात."

"लय लबाड की!"

"म्हणून तर मधमाशीसारखी दिसते. पण नीट बघितलं तर ओळखू येते. मधमाशीला पंख चार, हिला दोनच." बोलता बोलता ती त्याच्या शेजारी कधी सरकली, तिचं तिलाच कळलं नाही.

"आन् नर कसा वळकायचा?"

"नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात."

"आन् मादीचं?"

"तिच्या डोळ्यांत... अंतर असतं."

"आसं व्हय," तो म्हणाला. तो माशीकडे बघत नव्हता. तिनं पटकन मान फिरवली आणि जाळीचा दांडा उगाच पुसायला घेतला. फौजदाराचा माणूस आहे हा, तिनं स्वतःला सांगितलं. फौजदाराचा माणूस.

दिवाळी झाली, आणि एका सकाळी पोलीस आले. नदीच्या वरच्या अंगाला, जिथं ती रोज बसायची तिथून जवळच, एका मेंढवाड्यात दोन भूमिगत पोरं लपली होती. दोघांनाही बेड्या घालून नेलं.

त्या दिवसापासून गाव तिच्याशी बोलेनासं झालं. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका ती दिसली की गप्प व्हायच्या. दूध घालणाऱ्या बनुबाईनं मावशीच्या दारात चरवी ठेवली, पण नेहमीसारखी टेकली नाही. प्रमोदिनीनं विचारलं, "काय झालं बनुबाई?" तशी ती पायरीकडे बघत म्हणाली, "आवं, तुमी शाणीसुरती माणसं. माश्या बघाया सांगलीस्नं कोण येतं का?"

तेव्हा कुठं तिला कळलं. ज्या संशयानं ती नाथाजीकडे बघत होती, त्याच संशयानं सगळं म्हसवड तिच्याकडे बघत होतं. आणि खबऱ्यांचं काय होतं, ते सातारा जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत होतं. भूमिगत पोरं त्यांच्या तळपायावर लोखंडी पत्र्या ठोकत.

तिनं मनाशी ठरवून टाकलं – पोरं नाथाजीनंच पकडून दिली. तिच्या आडून. रोज तिथं बसायला त्याला तिचं निमित्त मिळालं होतं. त्या विचारानं तिला जेवण गेलं नाही, आणि आपल्याला इतकं वाईट का वाटतंय याचाही राग आला.

नाथाजी नदीवर फिरकला नाही. आला तो एका दुपारी थेट मावशीच्या अंगणात. डोक्यावर टोपी नव्हती. चेहरा ओढलेला.

"तुमास्नी बलावलंय," तो म्हणाला.

"कुणी? फौजदारांनी?"

तो बघतच राहिला. "फौजदार? आवं... रानातल्या पोरांनी. आमच्या लोकांनी."

"तुमच्या?" ती पायरी उतरून पुढं आली. "म्हणजे तुम्ही पोलिसांचे नाही?"

"मी? आवं आमी समजत व्हतो, तुमी पोलिसांच्या!"

तिला मोठ्यांदा हसावंसं वाटलं – आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली.

"म्हणजे रोज नदीवर येत होता... ते माझ्यावर नजर ठेवायला?"

त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"ते माशीचं विचारणं, डोळ्यांचं..."

"आर्डर व्हती," तो खाली बघत म्हणाला.

"चला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता, की मावशीनं अडवायला उचललेला हात तसाच राहिला. "मावशी, येते मी. माझी जाळी, भिंग, डबी आणि बाटली पण घेते."

गावाबाहेरच्या माळावर हिवराच्या एका झाडाखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. मधे घोंगड्यावर त्यांचा म्होरक्या, सयाजी – दाढी वाढलेली, डोळे झोपेविना लाल. त्यानं बाटली उचलली आणि बूच काढायला गेला.

"वास घेऊ नका!" ती ओरडली. "विष आहे त्यात."

माणसांत कुजबुज झाली. सयाजीनं बाटली सावकाश खाली ठेवली. "ईख कशाला बाळगता बाई?"

"माशी मारायला. पंख न मोडता."

"आन् माशी मारून काय करता?"

"ओळखते. ती कोण, कुठली, कुठल्या घराण्यातली, ते ठरवते."

"आमी बी त्येच कराया बसलोय," सयाजी म्हणाला. कुणी हसलं नाही. "पोरं धरली त्या वाड्याजवळ रोज कोण बसत व्हतं? तुमी. गावात परकं कोण? तुमी. घरात कोण कोण हाय तुमच्या?"

एक नाव घेतलं असतं, तर ती तिथल्या तिथं सुटली असती. पण या माणसांत खरोखरीचा खबऱ्या बसलेला नसेल कशावरून? त्याच्या कानावर मधूचं नाव जाऊन चालणार नव्हतं.

"वडील," ती म्हणाली. "बाकी कुणी नाही."

तिनं डबी उघडली. टाचणीला लावलेली माशी तळहातावर धरून एकेकाला दाखवली. पंख दोनच कसे, त्यांच्यामागं तोल सांभाळायला दोन बारीक गाठी कशा, सोंड केवढी लांब. माणसं बघत होती, पण चेहरे बंदच होते.

तेव्हा नाथाजी उभा राहिला.

"सयाजीदादा, हिच्यावर नजर ठेव म्हनलास, मी ठेवली. ही कुठं बसती, काय बघती, कुणाशी बोलती, समदं बघितलं. ही बाई माशीबिगर कुणाकडं बघत न्हाई." तो थांबला. "...माझ्याकडंसुदिक न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं. सयाजीच्या दाढीतही काहीतरी हललं.

"आन् तिनं बघावं म्हून तू किती वाट बघितलीस रं?"

नाथाजीचे कान लालबुंद झाले. पण तो बसला नाही. "लय," तो म्हणाला.

प्रमोदिनीनं डबीचं झाकण लावलं. ते लागेना. दोनदा निसटलं.

"जामीन ऱ्हातोस तिला?" सयाजीचा आवाज आता कडक होता. "खोटी निघाली, तर पत्र्या तुज्या पायाला."

"ठोका. एक पाय आदीच कामातनं गेलाय."

मागं बसलेला कोंडीबा धनगर, ज्याचा तो मेंढवाडा, हुंदका दिल्यागत काहीतरी बोलला. सगळ्यांनी माना वळवल्या.

"बाईचं काई न्हाई त्यात," म्हातारा म्हणाला. "धाकलं पोरगं दिवाळीला आईला भेटाया घरी गेलं व्हतं. परत आलं, तवा त्येच्या मागनं दोघंजण येत व्हती. म्या बगितलं. भ्यालो. म्हनलं वाटसरू असतील... आन् पोरगं असं घरी गेलं हे सांगितलं, तर तुमी त्यालाच दोष द्याल."

सयाजी उठला, प्रमोदिनीसमोर आला आणि त्यानं हात जोडले. माणसं पांगू लागली, तसा तो हळूच म्हणाला, "बाई, तुमचं नाक मला मगाधरनं वळकीचं वाटतंय. मधू कोण तुमचा?"

"मी... मी ओळखत नाही त्याला."

"बरं." तो हसला. "नसंल वळखत, तरी आईका. बरा हाय त्यो. अंगानं भरलाय. कुठं हाय, ते इचारू नका."

ती हिवराच्या खोडाला धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी खाली उतरलं, ते तिनं पुसलंही नाही.

परतताना नाथाजी चार पावलं मागं चालत होता. नदीपाशी येईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"रागावला?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुमची ऑर्डर संपली ना आता? मग का येताय मागं?"

"तुमी मावशीला सांगितलंय, येते म्हून. पोचवाया नको?"

ती फणकाऱ्यानं वळली – आणि जागीच थबकली.

"हलू नका," ती कुजबुजली.

"काय झालं?"

"बोलू पण नका."

त्याच्या खांद्याच्या वर, वीतभर अंतरावर, उतरत्या उन्हात एक माशी तरंगत होती. अगदी स्थिर. पंख दिसत नव्हते, नुसती एक सोनेरी धूळ थरथरत होती. ती दूर गेली, वळली, आणि पुन्हा त्याच जागी आली. नर असेच जागा धरून राहतात.

प्रमोदिनी एकेक पाऊल पुढं सरकली. इतकी, की त्याच्या सदऱ्याचा ऊन लागलेला वास तिला येऊ लागला. त्यानं श्वास धरून ठेवला होता. तिनंही. जाळी उचलताना तिचं मनगट त्याच्या गालाला लागलं... आणि सपकन जाळी फिरली.

वाळूत गुडघे टेकून तिनं भिंग लावलं.

"डोळं भिडलेत का?" त्यानं विचारलं.

"भिडलेत," ती म्हणाली. आणि मान वर केली.

तोही गुडघ्यावर बसला होता. दुखरा पाय तसाच वाकडा टाकून.

"मग गेला का आता संशय?"

"माशीवरचा गेला."

"आन् माझ्यावरचा?"

"तुमच्यावरचा राहू दे थोडा," ती म्हणाली आणि उठली. पण या वेळी तिनं हसू गिळलं नाही.

सांगलीला गेल्यावर प्रोफेसरसाहेबांनी नर सूक्ष्मदर्शकाखाली घातला. उलटसुलट बघितला. पंखांच्या शिरा मोजल्या, पोटाच्या टोकाचे भाग पुस्तकातल्या आकृतीशी लावून पाहिले. जात नवी नव्हती. सिंधच्या वाळवंटातलीच होती. पण ती माणगंगेच्या काठीही राहते, हे त्यांना कबूल करावं लागलं, आणि मागं बोलल्याबद्दल त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर तिची माफी मागितली. ती घरी आली, बाबांच्या शेजारी बसली आणि कानात म्हणाली, "मधू बरा आहे." बाबांनी कुणी सांगितलं म्हणून विचारलं. तिनं सगळी हकिकत सांगितली. नाथाजीच्या नावावर ती जरा जास्तच रेंगाळली असावी, कारण बाबांनी तिच्याकडे वकिलासारखं बघितलं.

थंडी पडली तेव्हा नाथाजी मिरजेच्या इस्पितळात आला. पायातला तुकडा काढायचा होता. निरोप तिला मावशीकडून कळला. ती गेली, आणि एकटी जाऊ देईनात म्हणून बाबाही बरोबर आले.

कॉटवर बसलेला नाथाजी दोघांना बघून उठायला गेला, तोच बाबांनी त्याला हातानंच थांबवलं. खुर्ची ओढली. उलटतपासणी सुरू झाली. गाव कुठलं, शेती कुणाची, शिक्षण किती, पलटण का सोडली. नाथाजी एकेका प्रश्नाला सरळ उत्तर देत होता. शेवटी बाबांनी चष्मा काढला.

"आणि माझ्या मुलीशी तुमचा संबंध काय?"

नाथाजीच्या कपाळावर घाम आला. "सायब... तसा... त्या माश्या धरत व्हत्या, तवा मी..."

"बाबा," प्रमोदिनी म्हणाली, "मी यांच्याशी लग्न करणार आहे."

सगळ्या वॉर्डात कुणीतरी खोकलं तेवढंच. बाबा तिच्याकडे बघत होते. पण त्यांच्याहून जास्त नाथाजी बघत होता – तोंड उघडंच.

"आवं," तो कसाबसा म्हणाला, "मला कवा सांगणार व्हता?"

"आत्ताच सांगितलं की."

"मला न्हाई, सायबास्नी सांगितलंत!"

ती कॉटच्या कडेला बसली. परक्या जातीचा, परक्या गावचा, मेंढरं कुठं आहेत हे धड न सांगता येणारा हा माणूस. त्याचे दोन्ही कान पुन्हा लाल झाले होते.

"बरं, आता तुम्हाला विचारते. चालेल का?"

नाथाजीनं बाबांकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसत खिडकीकडे वळले होते, आणि बराच वेळ वळलेलेच राहिले.

"चालंल," तो म्हणाला. "लय चालंल."

आणि तिनं आपला हात त्याच्या हातात दिला.